लाल एम.जी. अन् दसऱ्याची चाबी

॥ श्री ॥

बेसा, नागपूर
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. जिजाबाईले धाकट्या देवरावचा सा. न. वि. वि.

फोन काहून करत नाही म्हणून विचारलं तुनं. मले कानानं कमी ऐकू येते. मंग फोन मोठ्या आवाजावर ठेवा लागते, अन् साऱ्या घराले समजते का बुढा बहिणीले का सांगून राहिला. म्हणून कागद.

चौथ्या माळ्यावर आहो. लिफ्ट आहे, पाय आहेत, पण जाऊ कुठं ते कोणी सांगत नाही. खिडकीतून खाली पाह्यलं का भिंतीजवळ माझी लाल एम.जी., ती दोन सीटची बुटकी विलायती गाडी दिसते, ताडपत्री पांघरून, बिमार म्हशीसारखी.

मार्चमध्ये जे झालं ते दुर्गेशनं तुले वाढवून सांगितलं असंन. मनीषनगरच्या पुलावर मले जरा गरगरलं. मी गाडी थांबवली. गरगरल्यावर थांबवाची नाही तं का पळवाची? मागच्यायनं हॉर्न वाजवले, पोलीस आला, कोणीतरी माझ्याच फोनवरून पोराले बलावलं. बस, एवढंच. त्या दिवसापासून गाडीची चाबी दुर्गेशच्या कपाटात, अन् कपाटाची चाबी त्याच्या खिशात.

आता नवीन ऐक. त्यानं गिऱ्हाईक पाह्यलं. हैदराबादचा कोणी जुन्या गाड्या जमा करणारा. पोरगा म्हणते, बाबा, तो तिले काचेच्या हॉलमध्ये ठेवंल, एसीत. मी म्हटलं, मलेबी तुनं एसीतच ठेवलं, का फायदा झाला. तो ताटावरून उठून गेला. दसरा झाला का तो माणूस ट्रक घेऊन येणार आहे.

मले एकडाव ती सावनेरले आणाची आहे. दरसाल दसऱ्याले सोनं घेऊन तुझ्या दारात आलो तशी. त्याच्यानंतर नेवो कोणी.

एक काम कर. तुझ्या शिलाई मशीनचं तेल आहे का पाह. गाडीच्या दोन कार्बोरेटरच्या डोक्यात जरासं पातळ तेल लागते, नाही तं उठता उठता खोकलते. इथं दुकानवाला विचारते कोणती गाडी, अन् सांगितलं का हसते. शिशी पाठवून दे.

भाऊजीच्या फोटोले नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
देवराव


॥ श्री ॥

सावनेर
दि. ३० ऑगस्ट २०२५

चि. देवरावले जिजाबाईचे अ. आ. वि. वि.

तेलाची शिशी शेजारच्या रवींद्रच्या हाती पाठवली. तो रोज बसनं नागपूरले कामावर येते. अर्धीच भरली, अर्धी मले लागते. मी अजून गोधड्या शिवते, तुझ्यासारखी खिडकीत बसून राहात नाही.

पयले तुले बोलून घेते. पोराचं का चुकलं? तू भर पुलावर डोळे मिटून पडला होता गा. म्हणे जरा गरगरलं. दवाखान्यातून दुर्गेशनं मले फोन केला अन् लहान लेकरावानी रडला. ते तुले कोणी सांगितलं नसंन.

आता गाडीचं. ती मलेबी नवीन नाही. खदानीचा साहेब सोडून गेला अन् तू ती बैलजोडीनं ओढत आणली, तवा सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत मी तुले हात लावू दिला नाही. तू रोज संध्याकाळी येऊन कोंबडीले शिव्या द्यायचा.

पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात कशी नाही आली? दसऱ्याले गाडीची पूजा होते का नाही? चाकाखाली निंबू ठेवतेत का नाही? निंबू चेंगरल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. चेंगराचे तं गाडी हालवा लागंल, अन् हालवाची तं चाबी लागंल. तुझा पोरगा साहेब झाला तरी सणाच्या दिवशी नाही म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते. पुढचं मी म्हटलं नाही, अन् कोणी विचारलं तं मलेबी कमी ऐकू येते.

माझं का सांगू. कंबर मोडल्यापासून वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते अन् वापस. उंबऱ्याबाहेर पाय नाही. आलाच तं हॉर्न वाजवजो.

गोळ्या टाइमावर घेजो. रागावली तरी बहीणच आहो, हे विसरू नको.

जिजाबाई


॥ श्री ॥

बेसा, नागपूर
दि. २१ सप्टेंबर २०२५

ती. जिजाबाईले देवरावचा सा. न. वि. वि.

शिशी भेटली. तुनं मले काही सुचवलं नाही, अन् मी काही वाचलं नाही.

चाबी नसली तं का झालं, बॉनेटले चाबी लागत नाही. दुर्गेश अन् सूनबाई गुंजन ऑफिसात गेले का मी खाली उतरतो. कार्बोरेटरमध्ये तुझं तेल टाकलं. प्लग काढून घासले. खालून जिथं जिथं ग्रीस मारा लागते तिथं चौकीदार दादाजीले झोपवून मारून घेतलं, मले आता वाकता येत नाही. बॅटरी त्याच्या केबिनमधल्या प्लगवर चार्ज केली. मंग समोरून दांडा घालून इंजिन हातानं फिरवलं. पयले अडलं, मंग आतून उसासा टाकल्यासारखा आवाज आला अन् फिरलं. दादाजी म्हणे जिती आहे. मी म्हटलं मेली कवा होती.

सेक्रेटरीनं बोर्डावर नोटीस लावली, पार्किंगच्या फरशीवर तेल सांडून राहिलं म्हणून. सत्तर वर्षं वय झालं तिचं, गळंल नाही तं का करंल. मी गुंजनची ढोकळ्याची थाळी खाली ठेवली. गुंजन ती थाळी घरभर शोधून राहिली, तिले सांगजो नको.

तो हैदराबादवाला येऊन गेला. भवताल फिरला, पेनानं ठोकून पाह्यलं. ओरिजनल रंग कोणता म्हणे. मी म्हटलं लाल. मंग दरवाजा उघडून आत बसला, असा आरामात जसा सासऱ्याच्या ओट्यावर. माझा जीव जळला. मी स्वतः मार्चपासून आत बसलो नाही. चाबीशिवाय बसून का करू.

दुर्गेश मानला. लयच समजूतदार आवाज काढून बोलते आजकाल, जसा मी वेडा झालो. म्हणे बाबा, एक चाकभर पुढं, एक चाकभर मांगं, निंबू चेंगराचे अन् चाबी वापस. मी हो म्हटलं. दुसरं म्हणासारखं काही नव्हतंच.

दीक्षाभूमीकडं त्या दिवशी गर्दी राहते, रिंगरोडनं येईन. दार उघडं ठेवजो, अन् मनबी.

तुझा
देवराव


नागपूर
दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास दुर्गेशचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायला बसलो की बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहून राहिलो. चुका पोटात घाल.

दारात काय झालं ते तू पाहिलंस. रस्त्यात काय झालं ते सांगतो.

गुंजनला वाटलं गाडी जाणारच आहे, तर शेवटची पूजा चांगली करावी. तिने झेंडूची दाट चादरच गुंफली आणि समोरच्या जाळीवर तारेने पक्की बांधली. मी चाबी दिली. बाबा धपकन आत बसले. चाबी फिरवल्यावर मागून त्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टिकटिक सुरू झाली आणि बाबांनी डोळे मिटले. मी घाबरलो, परत मार्चसारखं होते की काय. म्हणून मी नारळ हातात घेऊन तसाच शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. निंबू चेंगरले. गाडी थांबलीच नाही. गेटवर दादाजीने सलाम ठोकला, त्यावरून समजलं की हा कट होता. आत्या, त्यात तू पण होतीस का, ते मी विचारत नाही.

मी पूर्ण रिंगरोडभर ओरडत होतो, उतरा, मी चालवतो. बाबा म्हणाले तुला हिचे गेर येत नाहीत, आणि ते खरं आहे. कधी शिकवलेच नाहीत. लहानपणी मला सीटमागच्या फळीवर आडवं टाकायचे. तिथून फक्त आभाळ आणि बाबांचा कान दिसायचा. शेजारच्या सीटवर मी या दसऱ्याला पहिल्यांदा बसलो. कोराडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला, वारा लागला, आणि मी ओरडायचं विसरून गेलो. खोटं कशाला सांगू, मजा आली.

पाटणसावंगीजवळ गरमीचा काटा चढला. झेंडूने जाळी बंद केली होती, हवा कुठून जाणार. बाबांनी एवढ्या वर्षांत कधी असं होऊ दिलं नसतं, पण सणाचा हार सुनेने बांधला म्हणून निघताना तोडला नाही. बाजूला घेतली तर बॉनेटमधून वाफ येत होती. मी म्हटलं बाबा बाहेर या. ते म्हणाले तू हार काढ. तारेने माझी बोटं कापली, ते जागचे हलले नाहीत. मला राग आला, वाटलं हट्ट आहे. एका घरून पाणी मागून आणलं, थंड होईपर्यंत उन्हात उभा राहिलो, ते आतच बसून.

तुझ्या दारात आल्यावर मला समजलं. इतक्या खालच्या सीटवरून त्यांना उठून उतरताच येत नव्हतं. पाटणसावंगीला त्या वाफेत मी त्यांना हट्टी म्हणत होतो, आणि ते अडकले होते. आग लागली असती तर, एवढंच डोक्यात फिरत राहते.

चाबी त्यांच्याच खिशात आहे. मी मागितली नाही. ट्रक पुढच्या महिन्यात येईल. हो म्हणू की नाही, मला सुधरत नाही. तू सांगशील ते करीन.

मोठ्यांचा हात डोक्यावर असू दे.

तुझा
दुर्गेश


॥ श्री ॥

सावनेर
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. देवरावले जिजाबाईचे अ. आ. वि. वि.

हॉर्न ऐकला अन् मी वॉकर घेऊन उंबऱ्याबाहेर आली. कंबर मोडल्यापासून पयल्यांदा. तू उतरला नाही. बसल्या बसल्या सोनं समोर केलं. मले वाटलं माज चढला. मंग तुझ्या हाताकडं ध्यान गेलं. दोन्ही हात दरवाज्यावर, बोटं पांढरीफट, अन् तोंडावर हासू. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यावर अडकला होता, तवाबी असाच हासत होता.

चौघायनं तुले काढलं अन् तू त्यायले म्हणून राहिला का रंगाले नखं लावू नका. सारी गल्ली अजून हासून राहिली. मी नाही हासली.

पोरानं विचारलं का करू. मी त्याले काहीच लिहिलं नाही. त्यानं चाबी मागितली नाही तुले, हे पाह्यलं का तुनं? मार्चमध्ये हिसकून घेतली होती. आता तू पाह.

एक बाकी चांगलं झालं. मी रोज उंबऱ्याबाहेर येते आता. तिथपर्यंतच. पण येते.

तब्येत सांभाळ, अन् पोरालेबी.

जिजाबाई


॥ श्री ॥

बेसा, नागपूर
दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. जिजाबाईले देवरावचा सा. न. वि. वि.

उशीर झाला लिहाले. काही लिहिण्यासारखं नव्हतं, मंग एकदम झालं.

चाबी बरेच दिवस खिशात ठेवली. झोपताना टोचे. एक दिवस जेवताना दुर्गेशच्या ताटाजवळ ठेवून दिली. म्हटलं, मी आता चालवणार नाही. विकाची तं वीक, ठेवाची तं पयले गेर शिक. त्यानं वरण पुन्हा मागून घेतलं, जे तो कधी घेत नाही.

ट्रक आला होता. मी खिडकीतून पाह्यलं. दुर्गेश त्या माणसासंगं उभा राहून हात हालवून बोलत होता, चौथ्या माळ्यावर काही ऐकू आलं नाही. ट्रक रिकामा गेला.

आता रविवारी तो चालवते, मी बाजूच्या सीटवर. गेर असा टाकते जसा गिट्टी फोडून राहिला. चोक बंद कराचा विसरते, मंग मागं काळा धूर, अन् सेक्रेटरीची नवी नोटीस. मी शिव्या देतो. गुंजनले थाळी सापडली. तिनं ती वापस नाही मागितली, नवीन घेतली.

बाकी दिवस चार वाजता मी खाली जातो. थोडं पुसून काढतो, मंग आत बसतो, माझ्या जुन्या जागी. आत जाणं सोपं आहे, सोडून दिलं अंग का झालं. निंघणं आपल्या हातचं नाही. चाबी नाही, कुठं जाणं नाही, नुसतं स्टिअरिंग धरून. दादाजी दर वेळा विचारते, काढू का. मी नाही म्हणतो. वर घरातबी बंदच होतो, बाई.

दुर्गेश ऑफिसातून येते तवा अंधारत येते. पयले पयले धावत यायचा अन् बगलेत हात घालून मले उपसायचा. आजकाल बॅग मागच्या फळीवर टाकते अन् दुसरीकडून येऊन बाजूले बसते. काल चाबी लावली, नुसता पंप चालू केला अन् ऐकत बसला. मंग विचारलं, बाबा, काढू का.

मी म्हटलं, थांब जरा.

थंडी पडली का दोघं येतो. मी उतरणार नाही. तू उंबऱ्याबाहेर येजो, अन् आली तशी गाडीपर्यंतबी येजो. एवढी ओढ ठेवजो.

तुझा
देवराव