पहिलं नको

लीड्स, ४ जानेवारी १९६९

ती. आईस,
सुंदराचा सा. न. वि. वि.

पोटातली गाठ काढायला तू कर्जतच्या दवाखान्यात जाणार हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. रजा घेऊन येऊ का? खरं सांगते, मीही फार थकले आहे. दिवसभर वॉर्डात उभी असते, पण बरोबरच्या नर्सेस कामापुरतंच बोलतात. मी शिष्ट आहे असं त्यांना वाटतं. त्याचं कारण काल ग्लोरियाने सांगितलं. ही जमैकाची, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना इथल्या रीतीभाती शिकवायला नेमलेली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला चहा विचारला आणि मी नको म्हणाले. आपल्याकडे पहिल्यांदा हो कोण म्हणतं? मी आग्रहाची वाट बघत बसले. इथे एकदा नको म्हटलं की विषय संपला. त्या चहाला बसतात तेव्हा मी चादरींच्या घड्या घालते.

वाल्मिकदादा आणि वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सुंदरा


कडाव, २० जानेवारी

चि. सुंदरा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. एवढ्याशा गाठीसाठी इतक्या लांबून यायचं म्हणजे काय. भात झोडून झालं, वालाच्या शेंगा तेवढ्या काढायच्या आहेत. वाल्मिक आहे, सूनबाई आहे. शेजारची गौराबाई सारखी विचारते, सुंदरा येनार हाय का नाय. मी सांगते, तिला तिकडे कामं असतात.

चहाचं वाचून हसले, मग वाईट वाटलं. लहानपणी कुंभिवलीला मामाकडे अशीच लाडू नको म्हणालीस आणि घरी येईपर्यंत रडलीस. जेवत जा.

तुझी आई


लीड्स, ९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसा रजेचा अर्ज परत घेतला. आता चहा विचारला की लगेच हो म्हणते, त्यामुळे बसायला जागा मिळाली आहे. परवा मॉरिशसची एक नवी मुलगी आली. तिला केक विचारला, ती नको म्हणाली आणि मी डबा बंद केला. ग्लोरिया म्हणाली, रुळलीस. ऑपरेशन झालं की लगेच कळव. जीव तिकडेच आहे.

तुझी सुंदरा


कडाव, २ मार्च

चि. सुंदरा हिस आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. टाके सुकलेत, पण उठबस करताना दम लागतो. दवाखान्यातली नर्स विचारायची, आजी, लेक कुठाय तुमची. मीच तिला येऊ नको म्हटलं, असं सांगायची मी. खोटं नव्हतं ते. पण तू पुन्हा विचारशील असं वाटलं होतं. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा तेवढ्याच आशेने फोडलं. असो. तू रुळलीस, बरं झालं.

तुझी आई


लीड्स, १४ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून फिरते आहे. आज त्या मॉरिशसच्या मुलीला पुन्हा केक विचारला. तिने घेतला.

आई, मी चुकले. आता दुसऱ्यांदा विचारते. येऊ का? नको म्हणालीस तर पुढच्या पत्रात परत विचारीन.

तुझी सुंदरा