आईला ‘चिल’ म्हणतात का?

३ मार्च, मंगळवार

‘चिल.’ बस, एवढंच!

लेकीला सकाळी मेसेज करून विचारलं होतं — अठरा दिवस झाले, फोन का उचलत नाहीस? बरी आहेस ना? त्याचं उत्तर दुपारी चारला आलं, ते हे. छापखान्यात औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ पुढ्यात होतं. ‘दिवसातून दोनदा’ ही ओळ पाच वेळा वाचली, डोक्यात शिरेना.

अर्थ साधारण कळतो. पण साधारण कळून आमच्या धंद्यात भागत नाही. उद्या विचारते.

४ मार्च

कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या मुलीला विचारलं. तिचं तोंड दिवसभर चालतं, पण असल्या शब्दांत तिच्याइतकं पक्कं कोणी नाही. “अहो मावशी, चिल म्हणजे शांत व्हा, टेन्शन नका घेऊ. आम्ही सारखं म्हणतो.” आईला म्हणतेस? “म्हणते की! आई ‘जेवलीस का, जेवलीस का’ करून डोकं खाते ना, तेव्हा.” आणि आई घाबरलेली असली तर?

तिने माऊसवरचा हात काढला. “तेव्हा नाही हो म्हणायचं. तेव्हा ते लागतं. तेव्हा सरळ फोन करायचा.”

या पोरीला कळतं आणि माझ्या लेकीला कळत नाही? शाळेत शिकवत होती तेव्हा मुलांनी असलं काही म्हटलं की पूर्ण वाक्य बोलायला लावायची, आणि घरी येऊन नक्कल करून दाखवायची!

५ मार्च

आज तीन आले. ‘बिझी आहे, चिल.’ ‘नंतर बोलू.’ ‘येऊ नकोस, घर लावायचंय. चिल आई.’

जावयाला फोन केला. “झोपलीय ती.” सकाळी अकरा वाजता!

६ मार्च

दादा म्हणतो, “तुला जिथे तिथे चुकाच दिसतात. पोरगी जरा मॉडर्न झाली म्हण आणि सोडून दे.”

असेलही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, स्वभाव तसा झालाय खरा. पण याच कामाने एक शिकवलंय. दहा जणांचा मजकूर एकत्र येऊ दे, कुठला परिच्छेद कोणाचा ते मी नाव न बघता सांगते. प्रत्येकाचे आपापले लाडके शब्द असतात. घाईत असो, रागात असो, तेच येतात. लेकीचं सगळं ‘अगं ऐक ना’ने सुरू होतं. तापात फणफणली होती तेव्हाही! या अठरा-वीस दिवसांत एकदाही नाही.

हे तिचं लिहिणं नाही.

लिहिलं खरं, पण आता वहीकडे बघवत नाही.

७ मार्च

लग्नानंतर दोन महिन्यांनी ती म्हणाली होती, “अगं ऐक ना, तो माझा फोन तपासतो. कोणाशी काय बोलले ते विचारतो.” मी काय म्हटलं? नवं नवं आहे, जुळवून घे. मी म्हटलं! मग त्याची बदली झाली, नवं गाव आलं, तिची नोकरी सुटली. मला तेव्हाही काही कळलं नाही. माझीच जीभ झडायला हवी होती.

सकाळी कपाटाचं दार पुन्हा अडकलं. “ठमाकाकू, उघड गं बाई,” म्हणत लाथ घातली. लेक तीन वर्षांची असताना तिच्या बाबांनी त्या लोखंडी कपाटाचं हे बारसं केलं — ढेरपोटी आणि हट्टी म्हणून. ते गेले, नाव राहिलं. आम्हा मायलेकींशिवाय आता ते कोणालाही माहीत नाही.

लाथ घातली आणि तशीच पलंगावर बसले. कोणालाही माहीत नाही!

८ मार्च, रविवार

पाठवला. ‘ठमाकाकू पडली. हॉस्पिटलात आहे. तुझी फार आठवण काढते.’

देवा, तिला हसू येऊ दे. ‘आई, तुला वेड लागलंय का?’ एवढं म्हणू दे. मी वेडी ठरले तर पेढे वाटीन.

संध्याकाळी — ‘ओह, वाईट झालं. काकूंची काळजी घे. तू चिल.’

आता आठवतंय. बदलीच्या वेळी लेक-जावयाचं सामान हलवताना काचेची बरणी फुटली, लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा जावई हसत म्हणाला होता, “चिल!” मला तो तेव्हा किती समजूतदार वाटला होता.

९ मार्च

पोलीस चौकीत गेले. “मेसेज येतात ना तिचे? मग तक्रार कसली?” कपाटाचं सांगितलं तर बाजूचा हवालदार तोंड फिरवून हसला. मीही हसले असते कदाचित. शेवटी साहेब म्हणाले, “पत्ता देऊन जा, तिकडे कळवू कधीतरी. तोवर चिल करा, बाई.”

“घाबरलेल्या माणसाला हा शब्द म्हणायचा नसतो!” — एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळे वळून बघायला लागले. पत्ता टेबलावर ठेवला आणि बाहेर पायरीवर बसले.

उद्या सकाळी सहाची बस. कोणाला सांगितलेलं नाही — दादा अडवेल. मला फार भीती वाटते. दार उघडलंच नाही तर? किंवा तोच दारात उभा राहून हसत म्हणाला, ती बाहेर गेलीय — तर मी काय करणार?

१० मार्च, बसमध्ये

अनोळखी नंबरवरून आलंय. जसंच्या तसं उतरवते.

‘अगं ऐक ना. तो परवा मला विचारत होता, ही ठमाकाकू कोण, पडलीय म्हणे. मी म्हटलं, लांबची काकू, फार म्हातारी आहे. तुला कळलंय, हे मला तेव्हाच कळलं. शेजारच्या बाईंनी खिडकीतून फोन दिलाय. यावर उत्तर देऊ नकोस. तो बाहेरून कुलूप लावून जातो. लवकर ये. आई, एकटी येऊ नकोस.’