बाबांची चादर

दादा,

मी लस टोचून घ्यायला गेलेय. ती घेतल्याशिवाय नर्सिंगच्या होस्टेलवर पाऊल ठेवू देत नाहीत. बाबांचा चहा झालाय, दाढी राहिलीय. ती तू कर. घाईत विसरले असं लिहिणार होते, पण मुद्दामच ठेवलीय.

परवा आत्या फोनवर विचारत होती, कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय काय तयारी केलीस? मी शरीरशास्त्राचं पुस्तक, पांढरे बूट असं काहीबाही सांगितलं. खरी तयारी तुझी चालली होती. बाबांना कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, तिथूनच नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. किती दिवस शिकवतेय, आणि तू आपला उशी धरून दाराशी उभा. जणू बाबा काचेचे आहेत!

काल दूध घेऊन आले तर खोलीतून हसण्याचा आवाज. डोकावले. तू एकटाच चादर बदलत होतास, तुझ्या साहेबांची नक्कल करत. चादर उलटी घातलीस, शिवण वर. पण बाबा एकदाही कण्हले नाहीत. मी तशीच मागे फिरले आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांना विचारलं, "कुणाचा हात चांगला, माझा की दादाचा?"

म्हणाले, "तू शिकून ये, मग सांगतो."

माळ्यावरची मोठी बॅग काढून ठेव. माझा हात पोचत नाही.

– चिमणी