तू वाचू नकोस, नुसतं भाषांतर कर

सोंगकोल कुरण, ५ जून २००९

चि. बेगायिम हिस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घोडीच्या दुधाचं कुमीस शहरात नेणाऱ्या तोकोनच्या गाडीतून पोचलं. पाच वर्षं जर्मन शिकलीस, आणि आता त्याच जर्मनमधल्या भाषांतराचं एम.ए. करायला त्यांच्या देशात, लाइपझिगला जायचं म्हणतेस. पाच वर्षांत संपत नाही अशी कसली ती भाषा? शेजारच्या तंबूतली सालिमा म्हणाली की एवढं शिकून पोरी हाताबाहेर जातात. मी तिला विचारलं, तुझ्या घरात औषधाच्या बाटलीवरचं तरी कुणाला वाचता येतं का. मी चौथीतून मेंढ्यांमागे गेले, पण तुझ्याविरुद्ध बोललेलं मला खपत नाही.

लेखी परीक्षा झाली, अर्ज भरून झाला, आता फक्त डिर्कमान सरांचं शिफारसपत्र हवं आणि ते नसेल तर सगळं फुकट, असं तूच लिहितेस. मग त्या माणसाला तू काय दिलंस? काही नाही. लाज कशी वाटत नाही तुला? मी एक मेंढी कापून पाठवली आहे. डोकं भाजून, खरवडून लख्ख केलंय. ते सरांच्याच हातात पडलं पाहिजे, म्हणून तोकोनला थेट विद्यापीठात जायला सांगितलंय. तुझ्यावर सोपवलं असतं तर तू लाजून हॉस्टेलातच ठेवलं असतंस.

माया आहेच, ती पत्रात मागत बसू नकोस.

तुझी
कलीपाताई


बिश्केक, १२ जून

ती. ताईस बेगायिमचा शि. सा. न.

ताई, घात झाला. तोंडी परीक्षा चालू असताना तोकोन आत शिरला आणि सरांच्या टेबलावर, आमच्या गुणांच्या यादीवर, डोकं ठेवून मोकळा झाला. वर सगळ्यांदेखत म्हणाला, बेगायिमच्या कागदासाठी आहे. सर पांढरेफटक पडले.

नंतर त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, शिफारस लिहिणाऱ्यानं विद्यार्थ्याच्या घरचं काहीही घ्यायचं नसतं. घेतलं असं दिसलं तरी त्या पत्राला किंमत राहत नाही. मी सांगितलं की आमच्याकडे डोकं मानाच्या पाहुण्याला देतात. ते म्हणाले, असेलही, पण तोकोनचे शब्द सगळ्यांनी ऐकलेत, आता पत्र कसं देऊ. मांस त्यांनी परत दिलं, ते हॉस्टेलातल्या मुलींनी खाल्लं. पंधरा जुलैच्या आत अर्ज जायला हवा आणि मला ओळखणारा दुसरा जर्मन शिक्षक इथे नाही.

तुझ्यावर राग नाही. तू मनापासून केलंस हे मला माहीत आहे. मेंढ्यांची आणि तुझ्या गुडघ्याची खुशाली कळव.

तुझी
बेगायिम


सोंगकोल, १९ जून

चि. बेगायिमला आशीर्वाद.

रडणं बंद कर. तोकोनची मी हजेरी घेतली आहे. डोकं मानासाठी म्हणून दिलं होतं, कागदाचं नाव त्या मूर्खानं आपल्या अकलेनं काढलं. पण चूक माझी आहे, तेव्हा मीच निस्तरते. खाली लिहिते ते जसंच्या तसं त्यांच्या भाषेत करून त्यांना दे. एक अक्षर गाळलंस तर याद राख.

सर, डोकं मी पाठवलं. माझी गाय वाचवू न शकलेल्या गुरांच्या डॉक्टरलाही मी डोकं दिलं होतं. तो रात्रभर बसला होता, म्हणून. तुम्ही पाच वर्षं माझ्या बहिणीला शिकवलंत, म्हणून तुम्हाला. ही पोरगी हट्टी आहे. चूक कबूल करायला तिला दोन दिवस लागतात. वासरू हरवलं तेव्हा ती झाडाखाली पुस्तक वाचत होती आणि वासराला लांडग्यानं नेलं असं खोटं बोलली होती. हेही लिहायचं तर लिहा. तिनं पाठवलेल्या वर्गाच्या फोटोत तुमची मान सोललेल्या बगळ्यासारखी दिसते, खात जा.

आता पुढचं फक्त सरांसाठी. बेगायिम, तू वाचू नकोस, नुसतं भाषांतर कर.

सर, आमची आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्या पाठीला पाठ लावून झोपली. तुम्ही पत्र दिलं नाहीत तर ती माझ्याजवळ परत येईल. मला लाच द्यायचीच असती, तर पत्र लिहू नका म्हणून दिली असती.

कलीपा


बिश्केक, ३ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

सांगितलंस तसं केलं. दोन रात्री लागल्या. बगळ्याची मानसुद्धा लिहिली.

सरांनी तुझं मूळ पत्रही मागून घेतलं आणि किरगीझ शिकवणाऱ्या उमसुनाय बाईंना बोलावून दोन्ही कागद ओळीला ओळ लावून ताडून पाहिले. मी बाहेर बाकावर बसले होते. बाई बाहेर आल्या त्या डोळे पुसत, आणि म्हणाल्या, वासरूसुद्धा सोडलं नाहीस ग. सर म्हणाले, भाषांतर शिकायला जाणाऱ्याच्या अंगात काय हवं ते मी पाच वर्षं वर्गात सांगत आलो. स्वतःच्या तोट्याचा मजकूर कुणी असा पोचवलेला पाहिला नव्हता. त्यांनी मेंढीची सगळी हकिकत आधी विभागप्रमुखांना लेखी कळवली, मग शिफारस लिहिली. काल टपालात पडली. हट्टी आहे, हे त्यांनी त्यात घातलंय म्हणे.

शेवटचा भाग मी वाचला नाही. तू नको म्हणाली होतीस.

तुझी
बेगायिम


सोंगकोल, २० सप्टेंबर

चि. बेगायिमला आशीर्वाद.

प्रवेश मिळाल्याचं तोकोननं घाटातूनच ओरडत सांगितलं. मेंढ्या बुजल्या. सालिमाला मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ती स्वतःच लोकांना सांगत सुटली.

तुझं विमान दोन तारखेला. निरोप घ्यायला इकडे येऊ नकोस, रस्त्यात दोन दिवस जातील. मी येते. सव्वीस वर्षांत हंगामात कळप सोडला नाही, पण सालिमा तीन दिवस बघेन म्हणाली आहे. विमानतळावर मला काही बोलता यायचं नाही, म्हणून आत्ताच लिहिते. आपल्या घरात चौथीपुढचं कुणी वाचलं नव्हतं तेव्हा तू वाचलंस. खोटं लिहून निभावलं असतं तेव्हा तू खरं लिहिलंस. मला तुझा फार अभिमान आहे. आणि मी एकटी झोपायला शिकले आहे, मागे बघू नकोस.

तुझी
कलीपा