ओढणीखालचा आवाज

सोमवार, १० नोव्हेंबर

पार्सल आलं. मुकेशच्या नावाचं! "भाऊ आहेत का?" पार्सलवाल्यानं विचारलं. "नाहीत," मी म्हणाले आणि सही केली. त्याला वाटलं, देवळीला गेले असतील.

गेमचा हेडसेट आहे. माझ्यासाठीच मागवलेला. आम्ही नवराबायको आणि पुण्याचा माझा भाऊ अश्विन, तिघं मोबाईलवर खेळायचो. मी दरवेळी मागून गोळी खायचे. मुकेश हसायचा — "मागून कोन येऊन राह्यलं, तुले समजतच नाई. थांब, तुह्या कानाचं कायतरी करतो."

कावीळ व्हायच्या आधी मागवला असेल. मुकेशला जाऊन महिना झाला.

खोकं कपाटात ठेवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाही उघडवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आई (सासूबाई) कापूस वेचायला गेल्या आणि मी खोकं उघडलं.

काळा आहे, वाटला त्यापेक्षा हलका. कानावरच्या गाद्या मऊ. आणखी एक जोड जाळीच्या कापडाचा — उन्हाळ्यात घाम येऊ नये म्हणून असावा. माईक वेगळा, खटकन बसतो. त्याला स्पंजची टोपी. चार्जिंगची वायर. नखाएवढा एक तुकडा मोबाईलला लावायचा, मग हेडसेटला वायर लागत नाही. कागदावर चित्र आहे — मधे एक डोकं, चारी बाजूंनी त्याच्याकडे येणारे बाण.

घातला. कोंबड्या, रस्ता, शेजारचा टीव्ही, सगळं बंद! गेम लावला. मागून, डाव्या बाजूनं, पावलं वाजली. मी खरंच वळून पाहिलं. भिंत होती.

रडले. मग पुन्हा खेळले. या वेळी मागून कोणी मारलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आता दुपारी अश्विनबरोबर खेळते. तो मुकेशचं नाव काढत नाही, "ताई, उजवीकडे बघ," एवढंच. तेवढंच हवं असतं.

घरात दुखवटा, टीव्हीसुद्धा लावत नाही. सून गेम खेळते कळलं तर? म्हणून ओढणी डोक्यावरून घेते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. लाज वाटते. पण आज जेवण गेलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आई लवकर आल्या. मला कळलंच नाही!

मी अश्विनला सांगत होते — "कुठे आहेस? दिसत नाहीस मला. एकटा जाऊ नको. थांब, मी येते तुझ्याकडे."

वळले तर आई दारात. ओटीतला कापूस खाली सांडलेला. मागून त्यांना माझी ओढणीच दिसली असणार. तशाच मागे फिरल्या.

संध्याकाळी अंगणात शेजारच्या सुलोचनामामींना सांगत होत्या, "मुकेश बोलावून राह्यला तिले. अन् हे म्हनते, थांब, मी येते!"

"गिरडले ने तिले, बाई," मामी म्हणाल्या. "दरग्यावर. उतरते सारं."

बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं. काय सांगू — नवऱ्याला महिना झाला आणि मी गेम खेळते?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आई पाठ सोडत नाहीत. विहिरीवर तर एकटीला जाऊच देत नाहीत. ताटात तूप वाढलं. "खा वं. तू नोको जाऊ."

माझ्यामुळे ही बाई केवढी भ्यायली आहे! हेडसेटला हात लावला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गिरडला जाऊन आलो. टेकडी चढताना आईंना दम लागला, तरी माझा हात सोडेनात. फुलं वाहिली, चादर घातली. किती वेळ डोळे मिटून उभ्या होत्या.

खाली पायरीवर बसल्यावर मी धीर केला. "आई, माझ्या अंगात काही नाही. उतरवायचं काही नाही."

"उतराले कोनं आनलं तुले?" त्या म्हणाल्या. "मामीले काय समजते! आधी म्या बी भेलीच. मंग वाटलं, बोलते तं पोरगा. दरग्याच्या बाबाले म्या येवढंच मांगतलं — तो सुनेशी बोलते, तं एक डाव मले बी बोलू दे."

मग हळूच, "काय बोलते वं तो?"

बस आली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सगळं सांगितलं. हेडसेट दाखवला. वाटलं, बोलतील, निदान शिव्या तरी देतील.

"म्हंजे, तो तुह्याशी बी नाई बोलला?"

"नाही, आई."

त्यांनी मला जवळ घेतलं.