आधीच मानलेले आभार

९ फेब्रुवारी, मंगळवार

टँकर आला नाही. काल येणार होता, कालही आला नाही. ड्रममध्ये वीतभर पाणी उरलंय. भांडी घासली नाहीत, पुसून ठेवली. बत्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात "आधी हात धुवा" म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडले, आणि आता स्वतः दोन तांब्यांत अंघोळ उरकते आहे.

गच्चीवरून दौलताबाद रोडच्या दोन्ही बाजू दिसतात. नव्या बिल्डिंगी उठताहेत. कॉलमना गोणपाट गुंडाळून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. सिमेंटला मिळतं, माणसांना नाही.

आमच्या बि.नं (बिल्डर. पूर्ण नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय, बीपी वाढतं) माहितीपत्रकात छापलं होतं: महापालिकेचा नळ आणि बारमाही बोअर. बोअर दिवाळीतच आटला. नळाचा पाइप चारी मजल्यांवरून खाली उतरतो, गेटपर्यंत जातो आणि तिथे संपतो. पलीकडे तो कशालाच जोडलेला नाही, हे कळायला आम्हाला सात महिने लागले.

पुढच्या मंगळवारी ग्राहक मंचात तारीख. आठ घरांची तक्रार, पहिलं नाव माझं. कारण अक्षर माझं चांगलं, शिवाय मी रिटायर्ड. बाकीच्यांना सुट्टी मिळत नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

बि.च्या वकिलांनी एक कागद पुढे केला. मी लांबूनच ओळखला. निळा मथळा, कोपऱ्यात क्रूस. आमच्या मंडळीची पत्रिका, गेल्या वर्षीची, तिसरं पान. "भगिनी शालिनी पगारे यांची साक्ष."

मोठ्यानं वाचली. वाचतात छान, चर्चमध्ये बोलवायला हवं. "परमेश्वराने मला स्वतःचे घर दिले. स्वयंपाकघरात नळ दिला, नळाला बारमाही पाणी दिले. आता हंडा घेऊन कुणाच्या दारी जायला नको."

मग म्हणाले, "तक्रारदारांनी एक तर चर्चमध्ये खोटं सांगितलं, नाहीतर इथं सांगतायत. कुठलं, ते त्यांनीच ठरवावं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पत्रिका त्यांच्याकडे गेली कशी, तर मीच नेऊन दिली. छापून आली त्या आठवड्यात पेढ्यांच्या पुड्यासोबत बि.च्या ऑफिसात. वर पान दुमडून, म्हणजे शोधायला त्रास नको. हौस.

उत्तराचं शपथपत्र द्यायला मुदत मिळाली. १२ एप्रिल.

१७ फेब्रुवारी, बुधवार

आई आठवली. कन्नडला असताना चूल पेटवायच्या आधी डोळे मिटून आभार मानायची, डब्यात पीठ असो नसो. आधी आभार मानले की मागताना आवाज चढत नाही, असं तिचं म्हणणं. मी तेच उचललं. नोकरी लागायच्या आधी नोकरीचे आभार मानले. मुलगी व्हायच्या आधी मुलीचे. (मुलगीच झाली.)

मागच्या मार्चमध्ये घरभरणीची उपासना झाली तेव्हा नळ कोरडाच होता. सुपरवायझर म्हणाला होता, "मॅडम, पंधरा दिन में पानी. टेन्शन नक्को लेव." मग काय, मंडळी जमलेली, चहा दूधवाल्याकडून आणलेल्या पाण्यात केलेला, आणि मी उभी राहून पाणी "दिले" म्हणाले. येणारच होतं की. आमच्यात असं बोलतात. झाल्यासारखं बोलायचं, त्यालाच विश्वास म्हणतात.

मंचात तसं बोलत नाहीत.

खोटं बोलले का मी? दिवसभर हाच प्रश्न. भाजी करपली.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

व.बा.कडे गेले. (वकीलबाई. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण दम देतात.) म्हणाल्या, "सिस्टर, सोपं आहे. लिहून द्या की मजकूर तुमचा नाही. तुमच्या चर्चच्या पाळकांनी आपल्या मनानं घातला. त्यांनी दोन ओळी दिल्या की विषय संपला."

"मजकूर माझा आहे."

"ते मला माहीत आहे. मंचाला नाही."

येताना शहागंजात उतरले, दुसरा ड्रम घेतला. निळा. दुकानदार म्हणाला, यंदा ड्रमच खपतायत, बाकी काही नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. क्षणभरही थांबले नाहीत. "पगारेबाई, टाका माझं नाव. मी सही करतो. आठ घरांच्या पाण्याचा प्रश्न आहे."

इतका सरळ माणूस. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आता नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं. मनात आलं, घ्यावी सही. कुणाचं काय बिघडतं? मग वाटलं, माझं पान, माझी हौस, आणि निस्तरायचं त्यांनी. थोडा वेळ द्या म्हणाले.

गुड फ्रायडेच्या चिठ्ठ्याही आजच काढल्या. वधस्तंभावरून प्रभू जे सात शब्द बोलला त्यावर सात जणांनी बोलायचं, आमच्याकडची दरवर्षीची रीत. मला पाचवा. "मला तहान लागली आहे." महिला मंडळात हशा पिकला. मीही हसले, पण घरी येऊन चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले.

३ मार्च, गुरुवार

समोरच्या गंगूबाईंनी विचारलं, तोंड कामून उतरलंय. सत्तरीच्या आहेत, मूळच्या कन्नडकडच्या. घरात मेंढरं होती. मुलगा वाळूजला कंपनीत लागला, त्यानं इथं फ्लॅट घेतला आणि आईला चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. त्या अजून रोज गॅलरीतून माळ बघतात, कुठे हिरवं दिसतं का. तक्रारीत त्यांच्या मुलाचंही नाव आहे.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी पाणी यायच्या आदीच तू देवाला पावती फाडून दिलीस?"

"हो."

"आमच्यात तसं नाय, बाई. आमी नवस बोलतो, मंग देव काम करतो, मंग आमी देतो. आदीच सगळं देऊन मोकळं झाल्यावर तेनं घाई कामून करावी?"

मला हसू आवरेना. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मनापासून. त्याही हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "पर खोटं नाय ते. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला कळतं. त्या सुपरवायझरचं बग एकदा. आन् त्या पाळकसायबाला कामून मधी घालायलीस? तेनं काय केलंय?"

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. व.बा.ची फी वाचली म्हणायची.

११ मार्च, शुक्रवार

खाली पार्किंगमध्ये आठ घरांची मीटिंग. दुसऱ्या मजल्यावरचे पाटील बोलले. मोठ्या घरचे आहेत, गावाकडे जमीन, इथं बँकेत नोकरी, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "सिस्टर, पाळकसाहेब सही द्यायला तयार आहेत, तुम्ही अडून बसलात. देव तुमचा आहे, ते मान्य. पाणी सगळ्यांचं आहे."

लागलं. कारण खरं आहे. त्यांची सून आठव्या महिन्यात आहे, दोन मजले चढून टँकरचं पाणी नेते तेव्हा मीच ओरडते तिच्यावर.

गुड फ्रायडेनंतर सांगते, म्हणाले. पाटील म्हणाले, "बरं." त्या "बरं"मध्ये बरं काही नव्हतं.

२५ मार्च, शुक्रवार. गुड फ्रायडे

बारा ते तीन. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, उपास. पंखे होते, पण वारा गरम.

चार पानं लिहून नेली होती. पर्समध्येच राहिली. उभी राहिले आणि घसा इतका कोरडा की पहिला शब्द फुटेना. मग तेच सांगितलं. की घसा कोरडा पडलाय. तिथून पुढे आपोआप बोलत गेले.

म्हटलं, त्याला पुढचं सगळं ठाऊक होतं. तरी तहान लागली तेव्हा तहान लागली म्हणाला, शत्रूंच्या देखत. त्याचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही. आणि मी? वर्षभर दर रविवारी तुम्ही विचारता, नवं घर कसं आहे. मी म्हणते, देवाची कृपा. एकदाही म्हटलं नाही की नळ कोरडा आहे. साक्ष दिली त्या दिवशीही कोरडा होता. मला वाटायचं, तसं सांगितलं तर दिलेली साक्ष खोटी पडेल. आभार मानले म्हणून तहान लपवायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते माझं मीच ठरवलं होतं.

एवढंच. सात मिनिटं असतील. खाली बसले तेव्हा आत एकदम शांत. आमचे हे गेल्यापासून इतकं शांत मला वाटलं नव्हतं. कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं.

तीन वाजता पाळकसाहेबांच्या बायकोनं माठातलं पाणी दिलं. दोन ग्लास प्यायले. तिसराही.

२६ मार्च, शनिवार

शपथपत्राचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला. व.बा. टाइप करून घेतील. मुख्य भाग इथं उतरवून ठेवते:

"सदर साक्ष माझी आहे. शब्द माझे आहेत, पाळकांचे नाहीत. साक्ष दिली त्या दिवशी नळाला पाणी नव्हते व आजही नाही. मिळण्याआधी देवाचे आभार मानण्याची आमच्या घरची रीत आहे. आभार मी देवाचे मानले होते. पाणी देण्याचा शब्द बिल्डरांनी दिला होता."

व.बा.ना फोनवर वाचून दाखवला. "असं कुणी लिहीत नाही, सिस्टर."

"मी लिहिलंय."

"आणि याच्यामुळे हरलो तर?"

"तर आठही दारांवर जाऊन मीच सांगेन."

पाटलांना आधीच सांगून आले. पटलं नाही त्यांना. वाचून कागद परत दिला, दोन्ही हातांनी. "बघा," म्हणाले. पाळकसाहेबांना फोन केला, सही नको म्हटलं. त्यांनी फोनवरच प्रार्थना केली. छोटीच.

२७ मार्च, रविवार. ईस्टर

पहाटेची उपासना. गंगूबाईंना गोड दिलं. "आज काय?" म्हणाल्या. सांगितलं. "मेलेला उठला? मंग पाइप जोडणं काय अवघड हाय तेला."

१२ एप्रिल, मंगळवार

सकाळी भीती वाटत होती. रिक्षात बसल्यावर कमी झाली. नुसतं "तू आहेस ना" एवढंच मनात म्हणत गेले, दुसरी प्रार्थना सुचली नाही.

मंचावर तिघं असतात, त्यातल्या बाईंनी शपथपत्र वाचलं. परत वाचलं. बि.चे वकील म्हणाले की ही सारवासारव आहे. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, या पाण्याबद्दल तुम्ही आजही आभार मानता?"

व.बा.नी माझा पदर ओढला. म्हणजे विचार करून बोला.

"हो," म्हटलं.

"आणि तक्रारही आहे?"

"तक्रारही आहे. आज सकाळी घरात एक बादली होती."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते दिसलं नाही. मग बि.च्या वकिलांना विचारलं, गेटबाहेरच्या जोडणीची महापालिकेची परवानगी कुठे आहे. त्यांनी कागद चाळले. बराच वेळ चाळले. पुढच्या तारखेला देतो म्हणाले. जूनची तारीख पडली.

जिंकलो का हरलो, कळत नाही. व.बा.नाही कळत नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी असते तर नाही म्हटलं असतं." मग मला रसवंतीवर रस पाजला, बर्फ न घालता.

घरी आले तर दोन्ही ड्रम काठोकाठ. टँकर दुपारी येऊन गेला होता. गंगूबाईंनी (किल्ली त्यांच्याकडे असते) आणि पाटलांच्या मुलानं मिळून भरले. गंगूबाई सांगत होत्या, "पाटील सोता खाली हुबा होता. म्हनला, पयलं सिस्टरचं भरा." मी दार लावून घेतलं आणि थोडी रडले. मग हात धुतले, साबण लावून, दोनदा.

३ मे, मंगळवार

सकाळी गेटबाहेर खणायचा आवाज. चार माणसं, कुदळी, एक पिवळी पट्टी बांधलेली. आमच्या पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर चर. आठही घरांच्या गॅलरीत माणसं. पाटलांची सून बाळाला घेऊन उभी. (मुलगा. २० एप्रिल. वजन चांगलं.)

खाली जाऊन मुकादमाला विचारलं, पाण्याचं काम का. म्हणाला, "मालूम नहीं मॅडम. हमकू बोले खोदो." केबलचं असेल, ड्रेनेजचं असेल, शेजारच्या नव्या स्कीमचं असेल. बि.चा फोन बंद. व.बा. म्हणाल्या, कागद हातात येईपर्यंत काही धरून चालू नका.

वर आले. स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिला. कोरडा. खाली पातेलं ठेवून तसाच उघडा ठेवला.

गंगूबाई दारात आल्या. खालच्या चराकडे बोट करून म्हणाल्या, "सिस्टरबाई, या टायमाला जरा दम धर. पाणी बग, मंगच आभार मान."

म्हटलं, "उशीर केलात. मघाशी जिना चढतानाच मानले."