पंचावन्न अंशांवरचा पेरू

३ मार्च
सुकवणीच्या यंत्राचं तापमान पुन्हा ऐंशी! मी पंचावन्नवर लावतो. चहा पिऊन येईतो मालकांनी बटण फिरवलेलं असतं. "मामा, फळ सुकवायचंय, अंडी उबवायची नाहीत." सगळे हसले. मीही हसलो.

ऐंशीवर पेरू झटपट सुकतो, खरंय. पण यंत्र बसवायला आलेल्या बाईंनी बजावलं होतं — एवढ्या आचेत क जीवनसत्त्व टिकत नाही. आणि भुकटीच्या पाकिटावर 'क जीवनसत्त्वाने भरपूर' असं ठळक छापलंय! पाकिटंही पारदर्शक, तापल्या पत्र्याखाली रचलेली. उरलंसुरलं तिथे जातं.

७ मार्च
हिच्या हिरड्यांतून परत रक्त. डॉक्टरांनी क जीवनसत्त्वच सांगितलंय. मालकांना विचारून अडगळीतल्या छोट्या यंत्रात एक ट्रे लावला. पातळ चकत्या, पंचावन्न अंश, अठरा तास. मग दळून, भुकटी पूर्ण गार झाल्यावरच तपकिरी बरण्यांत भरली — ओल नको, उजेड नको. देवापुढे ठेवून मग तिला दिली.

म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? कारखान्यातलं एक पाकीट आणायचं होतंत."

काय सांगू!

१२ मार्च
घात झाला. दुसरी बरणी कारखान्यातल्या फळीवर राहिली होती. तपासणीसाठी नमुना न्यायला माणूस आला, मालकांनी रंग पाहिला आणि तीच उचलून दिली!

१९ मार्च
अहवाल उत्तम. मुलांच्या रुग्णालयाची मागणी पक्की झाली. मालकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मग बाजूला घेऊन हळूच, "मामा, दर महिन्याला नमुन्यापुरता एक ट्रे तुमच्या पद्धतीने. बाकी माल माझ्या."

म्हणजे मी जितकं नीट करीन, तितकं यांचं खोटं पक्कं.

नाही म्हणावं, तर राहती खोली त्यांचीच, कारखान्याच्या पाठीला पाठ लावून. अकरा वर्षं झाली. खिडकी उघडली तरी यंत्राचीच वाफ आत येते.

२ एप्रिल
हात जोडून बसलो. मागायचं काय, तेच सुचेना.

१५ एप्रिल
ही चिडली. "तोंडात गुळणी धरल्यासारखे काय बसता?" सगळं सांगून टाकलं. हातातला चमचा तिने खाली ठेवला.

"म्हणजे त्या पोरांच्या वाटचं मी खातेय?"

"नाही गं. त्यांच्या वाटचं कुणीच खात नाही. यंत्रातच जळून जातं."

ती उठली. मग बरणी घासून पुसून माझ्यासमोर ठेवली. रिकामी.

१८ एप्रिल
नमुना गेला. बरणी तीच, तपकिरी. आतलं बाहेरून दिसत नाही. मालकांनी स्वतःच्या हाताने सील लावलं.

आत मोठ्या यंत्रातली भुकटी आहे. ऐंशीवरची.

ही विचारतेय, ट्रंक आत्ताच काढू का?